मदत हवी आहे: इंजेक्शन की ऑपरेशन? शनिवारी सांगायचं आहे

फुटाळाकाठ
वजन ९८. डायट दोनदा करून झालं. डॉक्टर म्हणतात आठवड्याचं इंजेक्शन घ्या, नाहीतर ऑपरेशनचा विचार करा. ज्यांनी केलं त्यांनीच लिहा. 'भात सोडा' ऐकून कान किटले.

सावजीभक्त
भात सोडून पाहा ना एकदा.

धंतोलीकर
उंची? वय? शुगर? नुसत्या ९८ वर कोण काय सांगणार बाप्पा?

दोनच_वेळा
दीक्षितांचं करा. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण. माझे ११ किलो उतरले.

चारचा_चहा
अन् दिवाळीत किती चढले? मागच्या धाग्यात तुम्हीच रडत होते.

दोनच_वेळा
ते लग्नसराईमुळे.

फुटाळाकाठ
पाच फूट दोन, वय ४४. शुगर काठावर. आता सांगा.

धंतोलीकर
म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेएकोणचाळीस. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. डॉक्टर उगाच नाही म्हणून राहिले.

पेनवाला
मी टिर्झेपाटाईड घेऊन राहिलो, आठवड्याचंच इंजेक्शन. चाचण्यांत सगळ्यांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, सेमाग्लुटाईड म्हणून तसंच दुसरं इंजेक्शन आहे, त्यावर ६८ आठवड्यांत १५. भूकच मरते. पहिले दोन महिने मळमळ अन् बद्धकोष्ठानं जीव नकोसा केला. पण सोडलं की संपलं! सेमाग्लुटाईड सोडणाऱ्यांचं उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. मी पैशापायी तीन महिने थांबलो, सहा किलो चढले. अन् न उघडलेलं पेन फ्रिजातच ठेवा, मे महिन्यात ४५ अंशांत बाहेर राहिलं तर कामातून गेलं.

गोरेवाडा_७७
मे वरून आठवलं, कूलरचा वाळा घरपोच कोण देतं?

अर्धी_वाटी
माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं आहे. जठराचा बराचसा भाग काढून टाकतात, तो परत येत नाही. बी१२ अन् लोह जन्मभर. तर्री पोहे चार चमचे. शुगरची गोळी सुटली, पण दिवसभर संत्रा बर्फी चघळून वजन परत चढवलेले दोघं माझ्याच ओळखीत आहेत. ऑपरेशन झालं तरी चालणं सुटत नाही.

सावजीभक्त
मी काय म्हणत होतो?

फुटाळाकाठ
मग इंजेक्शनच घेते. दोन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन भरती होते, पण ते जुनं झालं.

पेनवाला
अवो ताई, हे आता सांगता! या इंजेक्शनांत नेमकं तेच आधी विचारतात. असा इतिहास असला की डॉक्टर सहसा टाळतात, नाहीतर फार जपून देतात. त्यांना सांगितलं काऊन नाही?

फुटाळाकाठ
त्यांनी विचारलंच नाही. डिस्चार्ज कार्ड सापडत नाही आहे, नुसती सोनोग्राफी चालेल का?

गोरेवाडा_७७
वाळा?