लंडन : आई-बाबांना रीजंट्स कालवा कसा दाखवावा?

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येत आहेत. त्यांना हा कालवा नावेतून आणि थोडा पायी दाखवावा, असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ : कालव्याच्या पश्चिम टोकाच्या लिटल व्हेनिसहून कॅम्डेन भागात नावेने जावे, वाटेतल्या मॅकल्सफील्ड पुलाखाली मात्र पायीच यावे. १८७४ मध्ये तेथे बंदुकीची दारू वाहणाऱ्या पडावाचा स्फोट होऊन पूल कोसळला. पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब फिरवून उभे केले, त्यामुळे नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी स्फोटाआधी आणि नंतर पडलेल्या खाचा आता खांबांच्या दोन्ही बाजूंना दिसतात. माझ्या मते नौकाफेरीपेक्षा त्या खाचाच अधिक बोलक्या आहेत.

प्रतिसाद २ : किंग्ज क्रॉसजवळचे कालवा संग्रहालयही पाहावे. नॉर्वेहून येणारा बर्फ साठवण्याच्या जुन्या वखारीत ते आहे. तेथे व्याख्याने, माहितगारांसोबत पदभ्रमण आणि इझलिंग्टन बोगद्यातील नौकाफेऱ्या ठरावीक दिवशी असतात. सुमारे ८७८ मीटरच्या या बोगद्यात काठाची वाट नसल्याने पूर्वी नावाडी आडवे पडून भिंतींना पाय रेटत नाव पुढे नेत.

प्रतिसाद ३ : काठावर सायकली फार असतात, आईंना पाण्याच्या बाजूने चालू देऊ नये.