‘कोर्स रिझर्व्ह’ची पाटी: राखीव, नियत की तासावरची?

पाटीपेन्सिल: नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी ‘कोर्स रिझर्व्ह’ची पाटी आणि प्राध्यापकांनी भरायचा अर्ज मराठीत करायचा आहे. प्राध्यापक सत्राआधी वाचनाची यादी देतात, ग्रंथालय त्या पुस्तकांच्या एक-दोन प्रती मांडणीवरून काढून देवघेव काउंटरमागे ठेवतं आणि अख्ख्या वर्गाला त्या दोन-दोन तासांसाठी मिळतात, ती ही सोय. मी ‘राखीव पुस्तके’ लिहिलं. ग्रंथपालबाईंनी खोडलं. ‘आरक्षित’लाही त्यांची ना आहे. काय लिहावं?

देवघेव: बाईंचं बरोबर आहे. ‘राखीव’ वाचलं की मुलं राखीव प्रवर्गाची पुस्तकपेढी समजणार, आणि ज्यांच्यासाठी यादी लावली तीच काउंटरकडे फिरकणार नाहीत. ‘आरक्षित’ची गोची निराळी. दुसऱ्याकडे गेलेल्या पुस्तकाला आपण नंबर लावतो, त्याला आरक्षण म्हणायची पद्धत आहे. कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत, ही दोन कामं वेगळ्या ठिकाणी होतात. शब्द एकच ठेवलात तर मुलगा नंबर लावून मोकळा होतो, दोन तासांनी परत आलेली प्रत त्याच्या नावाने बाजूला पडून राहते आणि बाकीचा वर्ग हात हलवत परत जातो. म्हणून या प्रतींवर नंबर लावायची सोय बंदच ठेवायची असते.

रेखीव: शब्द म्हणून ‘राखीव’ला तोड नाही. राखणे अधिक ‘ईव’. कोरीव, आखीव, घडीव यांचा सख्खा भाऊ. मूळ संस्कृत रक्ष्. सरकारी वापराने एक अर्थ चिकटला म्हणून चांगला शब्द टाकून द्यायचा का?

मराठीमाध्यम: ‘अभ्यासक्रम-नियत ग्रंथसंग्रह’. नियत म्हणजे नेमलेला, अर्थ चोख. शब्द जड वाटेल, पण महापौर आणि दिनांकही आधी जडच वाटले होते. ते रुळवणारे सावरकर आपल्या भगूरचेच.

काउंटरवरून: महापौर चार अक्षरी आहे हो! तुमचा शब्द एका पाटीत मावायचा नाही. 1840 सालच्या सार्वजनिक वाचनालयाला नाशिककर ‘सावाना’ म्हणतात, तिथे ‘अभ्यासक्रम-नियत’ कोण म्हणणार? सरळ ‘तासावरची पुस्तकं’ लिहा.

रेखीव: ‘सर तासावर आहेत’ म्हणजे सर वर्गात आहेत. तासावरचं पुस्तक म्हणजे वर्गात न्यायचं पुस्तक, असाच अर्थ लागेल.

काउंटरवरून: पाटीखाली ‘2 तास’ लिहिलेलं असणारच की.

गोदाकाठ: ‘संदर्भ’ का नको?

देवघेव: कारण संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळत नाही आणि हे रात्रीपुरतं मिळू शकतं. शिवाय अभ्यासक्रमाच्या शेवटी ‘संदर्भग्रंथ’ म्हणून लांबलचक यादी छापलेली असते. तीच यादी जशीच्या तशी ग्रंथालयाला पाठवायची सवय, आणि खरा घोळ तिथेच. तीसेक पुस्तकांमधली शिकवताना लागणार किती आणि नुसती शोभेची किती, हे ग्रंथपालाने कसं ओळखायचं?

पाटीपेन्सिल, तुमच्या अर्जात रकाने घाला: लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकरण किंवा पानं, कोणत्या आठवड्यात लागणार, वर्गात विद्यार्थी किती. आवृत्तीचा रकाना सक्तीचा करा. सरांनी सांगितलेलं पान 112 जुन्या आवृत्तीत भलत्याच प्रकरणात निघतं. विद्यार्थिसंख्येवरून प्रती आणि मुदत ठरते. साठ मुलं आणि एक प्रत असेल तर दोन तासांच्या वर देऊच नये. अर्ज सत्र सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी हवा, कारण पुस्तक विकत घ्यायचं तर मागणी, दाखल नोंद, वर्गीकरण, बारकोड यातच महिना सरतो. सरांनी स्वतःची प्रत दिली तर दाखलांक (ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतला क्रमांक) देऊ नका, तात्पुरता बारकोड लावा आणि सत्र संपताच परत करा. नाहीतर ती पुढच्या साठा-पडताळणीत ग्रंथालयाचीच होऊन बसते.

कोहावाला: कोहासाठी दोन गोष्टी. कोर्स रिझर्व्हची सुविधा सुरू केल्यावर अधिकृत मूल्यांत (ठरावीक पर्यायांच्या यादीत) ‘विभाग’ आणि ‘सत्र’ आधी भरा, मगच कोर्स तयार करायला घ्या. पुढे बारकोड टाकून प्रती जोडायच्या आणि तिथेच अल्पमुदतीचा प्रकार नेमायचा. कोर्स सक्रिय असेपर्यंत प्रत त्या प्रकारात राहते, निष्क्रिय केला की मूळ प्रकारावर जाते. दुसरं, देवघेव नियमांत त्या प्रकाराचं एकक दिवसांवरून तासांवर न्या. ते विसरलं की ‘2’ म्हणजे दोन दिवस होतात आणि पुस्तक खुशाल वसतिगृहात मुक्कामाला जातं.

काउंटरवरून: बंद व्हायच्या वेळेचंही बघा. ग्रंथालय सहाला बंद होत असेल आणि पाचला दोन तासांसाठी पुस्तक दिलं, तर मुदत भरते सातला, कुलूप लागल्यावर. दंड कोणी भरायचा? शेवटच्या दोन तासांत दिलेलं पुस्तक रात्रीपुरतंच द्यावं, सकाळी उघडल्यावर तासाभरात परत. यांना आम्ही ‘रातवाली’ म्हणतो. मराठीमाध्यम, याला काय सुचवता? ‘निशानियत’?

मराठीमाध्यम: टवाळी करणं सोपं असतं.

गोदाकाठ: आजकाल पुस्तक कोण मागतं? लिंक पाठवली की झालं.

देवघेव: नाही होत. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता चिकटवला तर तो बरेचदा त्या लॉगिनपुरताच असतो. सरांच्या संगणकावर उघडतो, मुलांच्या मोबाइलवर नाही. लेखाखाली दिलेली कायमची लिंक किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) घ्यायचा. ई-पुस्तकाचा परवाना एका वेळी एकाच वाचकाचा असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री एकोणसाठ मुलं बाहेर उभी. आणि प्रकरण स्कॅन केलं तर अक्षरओळख करून घ्या. नुसतं पानाचं चित्र असलं की दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकाला त्यातलं काही वाचता येत नाही.

रेखीव: स्कॅनला प्रकाशक हरकत घेतात ना? दहा टक्क्यांची मर्यादा आहे म्हणे.

देवघेव: आपल्या कायद्यात टक्केवारी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी 2012 मध्ये दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये आधी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठाने सांगितलं की अध्यापनाला लागेल तेवढं घेता येईल. मात्र काही तथ्यांची तपासणी बाकी आहे म्हणून दावा परत पाठवला. 2017 मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला. म्हणजे अख्खं पुस्तक छापून संच विकायचा परवाना मिळाला, असा अर्थ कोणी काढू नये.

गोदाकाठ: मग ‘झेरॉक्स’ला मराठी शब्द काय?

मराठीमाध्यम: छायाप्रत. सरकारी अर्जांत रोज असतो.

काउंटरवरून: अर्जात असतो. दुकानात ‘छायाप्रत काढा’ म्हणून बघा.

पाटीपेन्सिल: पाटीचं राहिलंच. बाईंनी तूर्त कागद चिकटवलाय, ‘रिझर्व पुस्तके, 2 तास’.

रेखीव: ‘रिझर्व’ नव्हे हो, ‘रिझर्व्ह’. नोटेवर असतं ते हिंदी. मराठीत व्ह हवा.

कोहावाला: मग ‘सर्व्हर’ला व्ह आणि ‘ड्रायव्हर’लाही व्ह, पण ‘वॉर्ड’ला नाही, असं का?