रेकॉर्डिंगमध्ये तडतड येतेय. 'माझ्याकडे तर मस्त चालतं' सोडून काही सल्ला आहे का?

पेटीवाला_कराड

मंडळी, आमच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करतोय. जुना विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, दोन माइक लागतात असा साधा यूएसबी इंटरफेस. पखवाज, टाळ, तानपुरा, पेटी, मागचा कोरस धरून १४ ट्रॅक झालेत. आता बुवांचा आवाज घ्यायला बसलं की हेडफोनात तडतड सुरू होते, आणि तीच टेकमध्येही उमटते. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ३० टक्के. मग उरलेले ७० टक्के काय झोपा काढतायत?

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपवर विचारून झालंय. 'आमच्याकडे दीडशे ट्रॅक चालतात, साधी शिंकही येत नाही.' 'चोरीची कॉपी असणार.' पावतीचा फोटो टाकला तर म्हणे, 'मग लॅपटॉप भंगार आहे.' एकानेही बफर (आवाजाचा एकेक तुकडा किती मोठा घ्यायचा ती सेटिंग) किती ठेवलाय हे विचारलं नाही.

तर सॉफ्टवेअर बदलू की लॅपटॉप? काम आषाढीच्या आत संपवायचंय, आणि मंडळाच्या पेटीत फार काही नाही.

बेसबाबू

दादा, मॅक घ्या, विषय कट. एम-वन मिनी घेतल्यापासून मी ड्रायव्हर हा शब्दच विसरलोय.

सह्याद्री_साउंड

ते सॉफ्टवेअर मी दहा वर्षं वापरतोय (नाव नाही लिहिलं तरी कळतं हो). एकदाही अडलं नाही. बीटल्सनी १९६७ मध्ये चार ट्रॅकच्या मशिनवर अख्खा अल्बम केला, आणि इथे १४ ट्रॅकला रडारड. आधी ऐकायला शिका, मग सॉफ्टवेअरला नावं ठेवा.

खर्ज

पेटीवालेदादा, आधी एवढं सांगा. बफर किती? सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे नमुने किती? ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचा आहे की एएसआयओफोरऑल हा फुकटचा सर्वसाधारण? मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, काय काय लावलंय? तडतड नुसतं वाजवतानाही येते, की माइकचा ट्रॅक रेकॉर्डला लावल्यावरच?

पेटीवाला_कराड

ताई, बफर १२८, रेट ४८०००, ड्रायव्हर कंपनीचाच. मास्टरवर एक कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (देवळाच्या गाभाऱ्यासारखा आवाज हवा होता), लिनिअर फेज ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करायला) आणि लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारा). नुसतं वाजवलं तर क्वचितच येते. ट्रॅक रेकॉर्डला लावला की हमखास. बफर १०२४ केला तर तडतड जाते, पण बुवांना स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ते ताल सोडतात.

खर्ज

अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. सविस्तर लिहिते.

४८००० रेटला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झाला नाही की तिथे खाच पडते. तीच तुमची तडतड. टास्क मॅनेजर दाखवतो ती सगळ्या कोअरची सरासरी, आणि या कामात सरासरीला काही किंमत नाही. पंगतीत दहा वाढपी मोकळे उभे असले तरी भातवाला एकटा अडकला की पंगत खोळंबते, तसं आहे हे. मास्टरवरचे तीन प्लगइन एकामागोमाग चालतात, त्यांचं काम चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही.

रेकॉर्डला लावल्यावरच का, तर आधी घेतलेले ट्रॅक बरीच सॉफ्टवेअर्स थोडे पुढचे पुढचे शिजवून ठेवतात. जिवंत माइकला ती सोय नाही, त्याला त्या २.७ मध्येच यावं लागतं. शिवाय लिनिअर फेज ईक्यू आणि पुढचं बघून काम करणारा लिमिटर स्वतःचा उशीर वर घालतात, म्हणजे बफर लहान ठेवूनही बुवांना आवाज उशिरानेच मिळणार. टेक घेताना मास्टर पूर्ण रिकामा ठेवा. गाभारा मिक्सच्या वेळी.

आता बीटल्स. सह्याद्रीसाहेब, त्यांनी चार ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या मशिनच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवले आणि बाकीचे मोकळे करून घेतले. आपण त्यालाच आज फ्रीझ किंवा बाउन्स म्हणतो. दादांना टोमण्याऐवजी एवढं सांगितलं असतंत तर उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये होतं.

दादा, पखवाज, टाळ, तानपुरा, पेटी, कोरस सगळं मिळून एक स्टिरिओ फाइल काढा. नव्या प्रोजेक्टमध्ये ती एकच फाइल आणि बुवांचा ट्रॅक. टेक झाला की तो मूळ प्रोजेक्टमध्ये नेऊन ठेवायचा.

जुनी_कॅसेट

खर्जताईंना +१. वर अजून एक: लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर येतं. प्रोजेक्ट वाजत ठेवून ते दहा मिनिटं चालू द्या. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते नावासकट दाखवतं. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा वायफाय, ग्राफिक्स नाहीतर बॅटरीचं व्यवस्थापन निघतं. चार्जर लावून ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा, आणि त्यातच आत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे ते बंद करा.

बेसबाबू

म्हणूनच म्हटलं, मॅक. एवढा उपद्व्याप कशाला?

खर्ज

बेसबाबू, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मॅकवर ऑडिओची व्यवस्था सिस्टिममध्येच असते, वेगळा एएसआयओ ड्रायव्हर लागत नाही, आणि एम-वन या कामाला दमदार आहे. पण मास्टरवर हेच तीन प्लगइन ठेवले तर लिमिटरचा उशीर मॅकवरही तेवढाच येतो. मंडळाच्या पैशातून घ्यायला सांगताना हेही सांगावं ना.

आणि 'माझ्याकडे चालतं' म्हणणाऱ्यांनी बफर, रेट, प्लगइन लिहिले तर त्या वाक्याचाही उपयोग होईल. दीडशे ट्रॅक नुसत्या फाइली असतील तर माझ्या जुन्या मशिनवरही वाजतात. पण काय होतं, माणसाने पैसे घातलेले असतात, रात्री जागून शॉर्टकट पाठ केलेले असतात. कुणी तडतड म्हटलं की त्याला ते घरच्यांवर बोलल्यासारखं लागतं.

पेटीवाला_कराड

लेटन्सीमॉन चालवला. सगळ्यात वर वायफायचा ड्रायव्हर, ४००० मायक्रोसेकंदांच्या पुढे. हे वाईट का?

जुनी_कॅसेट

तुमच्याकडे आहेत साधारण २६६७. एकटा वायफाय ४००० खातो, म्हणजे तेवढा वेळ ऑडिओला दारच बंद. टेक घेताना डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल करा. एअरप्लेन मोडवर विसंबू नका, कधीकधी ड्रायव्हर तरीही जागाच राहतो. मग पुन्हा मोजा.

सह्याद्री_साउंड

म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नव्हताच. मी हेच म्हणत होतो.

पेटीवाला_कराड

सॉफ्टवेअर वाईट आहे असं मी म्हटलंच कुठे, साहेब? तडतड येते म्हटलं.

खर्ज

सॉफ्टवेअरचा वाटा किती, तेही तपासता येतं. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण चालतं, काही कापलेलं नसतं. त्यात तीच स्टिरिओ फाइल, तोच बफर, तेच प्लगइन लावून बघा. तिथेही तडतडलं तर लॅपटॉप किंवा ड्रायव्हर. नाही तडतडलं तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला पुराव्यासकट लिहा. बदलायचं की नाही ते नंतर. आषाढी तोंडावर असताना नवं सॉफ्टवेअर शिकत बसू नका, हा माझा सल्ला.

पेटीवाला_कराड

वायफाय बंद, मास्टर रिकामा, एकच स्टिरिओ फाइल. १२८ ला तडतड गेली! रीपरमध्येही स्वच्छ. पण लहान बफरवर अजून भरवसा बसत नाही, म्हणून इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनात) लावून बफर १०२४ केला. आता बुवांना आवाज लगेच मिळतो, पण ते म्हणतात, 'कोरडा लागतो रे, सूर बसत नाही.' थोडा रिव्हर्ब द्यायचा तर पुन्हा सॉफ्टवेअरमधून, म्हणजे पुन्हा उशीर.

खर्ज

तो उशीर इथे कामाचा आहे. बुवांच्या ट्रॅकवरून एक सेंड (आवाजाची वेगळी फांदी) काढा, त्यावर साधा हलका रिव्हर्ब, वेट १०० टक्के, म्हणजे मूळ आवाज न मिसळता नुसता घुमारा. सेंड प्री-फेडर ठेवा, म्हणजे ट्रॅकचा आवाज खाली केला तरी तो चालू राहील, आणि बुवांचा मूळ आवाज सॉफ्टवेअरमधून मास्टरकडे जाऊ देऊ नका, नाहीतर तो दोनदा ऐकू येईल. कोरडा आवाज इंटरफेसमधून लगेच येईल, मागून चाळीसेक मिलिसेकंदांनी नुसता रिव्हर्ब. रिव्हर्बला एवढं प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) आपण एरवी हाताने देतोच. गाणाऱ्याला ते खटकत नाही, उलट शब्द मोकळे राहतात.

पेटीवाला_कराड

जमलं! बुवांनी दोन अभंग सलग दिले. आज रात्री गवळण घेतो. लॅपटॉपचे पैसे वाचले, त्यात एक बरा माइक स्टँड येईल, आत्ताचा गळून पडतोय.

नवखा_तबलजी

मध्येच विचारतो. माझ्या इंटरफेसवर 'मिक्स' लिहिलेली एक खुंटी आहे, एका टोकाला इनपुट, दुसऱ्या टोकाला प्लेबॅक. डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणजे तीच का?

जुनी_कॅसेट

तीच. मध्यावर ठेवून सुरुवात करा, आणि सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटर बंद करायला विसरू नका.