चालान आलंय पण फोटोतली गाडी माझी नाही, ५०० भरून मोकळं व्हावं का भांडावं?

जांब_नाका (धागाकर्ता):
मंडळी, विषय जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. मागच्या आठवड्यात मेसेज आला की तुमच्या गाडीवर नो पार्किंगचं चालान आहे, ५०० रुपये. आता माझी गाडी म्हणजे २०१६ ची मोटारसायकल, परभणी सोडून लई झालं तर मानवत-पाथरीपर्यंत गेलेली, आणि चालान झालंय इथून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या शहरात. शहराचं नाव टाकत नाही, उगाच तिथली मंडळी अंगावर येतील. तारीख वीस दिवसांपूर्वीची, शुक्रवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटं. त्याच दिवशी ११ च्या सुमारास मी गंगाखेड रोडला पंपावर २०० चं पेट्रोल टाकलंय, मोबाईलमधून पैसे दिल्याची नोंद आहे.

चालानच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसीचे शेवटचे आकडे टाकून फोटो उघडला. गाडी काळी, कंपनी तीच, मॉडेल पण तेच वाटायलंय. पहिल्यांदा मीच घाबरलो, म्हटलं भाच्यानं तर नेली नाही ना. पण मग झूम करून बघितलं. माझ्या गाडीला मागं साडी गार्ड आहे, फोटोतल्या गाडीला नाही. मी तीन महिन्यांखाली एचएसआरपी, म्हणजे ती नवीन सरकारी सुरक्षा नंबर प्लेट बसवली, ५३१ रुपये मोजून, आणि फोटोत साधी रंगवलेली प्लेट आहे, कोपऱ्यात 'आई' लिहिलेलं. शेवटच्या आकड्यावर चिखल, ३ आहे का ८ देव जाणे. माझा ३ आहे.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. मोठा भाऊ म्हणतो भर अन् सोड. माझं म्हणणं, एक रुपया भरणार नाही, भरलं म्हणजे मान्य केलं. तुम्ही काय केलं असतं?

गोलाई_लातूर:
मी भरले असते. खरंच. मी दुकानदार माणूस, एक दिवस शटर खाली ठेवलं तर किती जातात ते मला माहीत. माझ्या चुलत भावानं असंच एका चालानसाठी तीन चकरा मारल्या, दोनदा साहेब बंदोबस्ताला गेलेले, एकदा जेवायला. एसटीचं भाडं, चहापाणी, रजा, सगळं धरलं तर चालानच्या दुप्पट गेले. तत्त्व वगैरे ठीक आहे पण तत्त्वाला डिझेल लागतं राजा.

कागद_जपून_ठेवा:
गोलाईभाऊ, चकरा कामून मारायच्या? त्याच साइटवर आणि ट्रॅफिकच्या ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे. घरी बसून होतं, निदान पहिली पायरी तरी. चालान नंबर टाका, स्वतःच्या गाडीचे मागून-पुढून फोटो जोडा, दोन ओळीत लिहा की प्लेट वेगळी आहे आणि आकडा चुकीचा वाचलाय. निबंध लिहू नका.

आणि धागाकर्त्याचं "भरलं म्हणजे मान्य केलं" हे बरोबर आहे. आपण ऑनलाइन भरतो ती तडजोडीची रक्कम असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली. म्हणजे गुन्हा झाला, आम्ही पैसे भरून मिटवला. मग कुठल्या तोंडानं म्हणणार की गाडी माझी नव्हती? शिवाय नो पार्किंगला पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलं की १५००. उद्या तुम्ही खरंच चुकून नो पार्किंगला लावली तर रेकॉर्डवर तुम्ही जुने गुन्हेगार.

खाकी_घरातला:
माझे वडील ट्रॅफिकला होते म्हणून जरा दुसरी बाजू. तुम्ही सावलीत बसून झूम करायलात. तो माणूस ४२ डिग्रीत चौकात उभा असतो, एका हातात मशीन, दुसऱ्या बाजूनं रिक्षावाला वाद घालायलेला, मागं कोणाचा तरी फोन "साहेबांचा माणूस आहे, सोडा". त्यात तुमची चिखलानं भरलेली प्लेट. ३ चा ८ होतो, मुद्दाम कोण करत नाही. आणि खरं सांगू, "गाडी माझी नाही" हे वाक्य आमच्या बापानं रोज ऐकलं, अन् मग संध्याकाळी कळायचं की गाडी ह्याचीच, मेव्हणा घेऊन गेलेला. त्यामुळं पहिल्या झटक्याला कोणी विश्वास ठेवत नाही, त्यात त्यांची चूक काय?

दुसरं, तुमची ती पेट्रोलची नोंद. त्यानं एवढंच सिद्ध होतं की तुम्ही पैसे दिले. गाडी पंपावर होती हे कुठं सिद्ध होतं? बाटलीत नेलं असेल, मित्राच्या गाडीत टाकलं असेल.

जांब_नाका:
हौ, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पंपावर कॅमेरा आहे, काल जाऊन विचारलं, तो म्हणाला पंधरा दिवसांचंच राहतं, मग आपोआप पुसतं. पाच दिवसांनी हुकलं.

पण भाऊ, तुमचं बाकीचं पटत नाही. चिखल त्याच्या प्लेटवर, घाई यांची, अन् ५०० माझे? ऊन मला पण लागतं. आकडा दिसत नसेल तर चालान टाकू नका ना, सोडून द्या.

बीडची_वहिनी:
दादा तुमचं तरी गाडी दुसऱ्याची आहे. माझं ऐका. २०२१ ला स्कूटी विकली गेवराईच्या एका ओळखीच्याला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, तो म्हणाला ट्रान्सफर मी करून घेतो वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी नाही घेतलं. आता तीन चालान माझ्या मोबाईलवर, एक ट्रिपल सीटचं! फोटोत तीन पोरं दात काढून बसलेली. मी म्हणते गाडी माझी नाही, पण आरटीओच्या कागदावर माझीच आहे. तर तुमचं "माझी नाही" आणि माझं "माझी नाही" यात फरक आहे एवढंच सांगायचं होतं.

कागद_जपून_ठेवा:
वहिनी, विकणाऱ्यानंसुद्धा आरटीओला कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, घेणाऱ्याला ३० दिवस. आपल्याकडं सगळे सह्या देऊन मोकळे होतात. कायद्यात ज्याच्या नावावर नोंद तो मालक. अपघाताच्या भरपाईत तर सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच धरलंय, विकली म्हणून सांगून जबाबदारी सुटत नाही. तुमची चालानं राहू द्या, उद्या त्या तीन पोरांनी कोणाला उडवलं तर? आधी ट्रान्सफर करून घ्या, गेवराईला जाऊन बसा पाहिजे तर.

गोलाई_लातूर:
बघा, वहिनींचं प्रकरण मोठं आहे, तिथं पळा. इथं ५०० साठी केवढा धागा. आणि भरायचे नसतील तर लोकअदालतीला जा ना, तिथं कमी पण करतात. आमच्याकडं दर लोकअदालतीच्या आधी मेसेज येतात.

नांदेडचा_वकील_नसलेला:
लोकअदालत त्याच्यासाठी आहे ज्याला मान्य आहे आणि मिटवायचंय. धागाकर्त्याला मान्यच नाही तर तिथं जाऊन काय ५०० चे २५० करणार? न केलेल्या गोष्टीचे अर्धे पैसे, व्वा. आणि तिथं एकदा तडजोडीवर सही केली की त्यावर अपील नाही. ज्यानं खरंच गाडी आडवी लावली होती त्यानं जावं, छान सोय आहे.

आणखी एक. कॅमेऱ्यावरून चालान करायचं असेल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांतल्या १६७ए मध्ये लिहिलंय की गाडीची नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, ठिकाण, वेळ हे सगळं पाहिजे आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची. तुमचा मेसेज कधी आला ती तारीख बघा. फोटोत नंबर स्पष्ट नाही हा एकच मुद्दा पुरेसा आहे, साडी गार्ड बोनस.

खाकी_घरातला:
तो नियम बसवलेल्या कॅमेऱ्यांचा, बॉडी कॅमेऱ्याचा वगैरे आहे. चौकातल्या हवालदारानं मशीनवर केलेलं चालान त्यात बसतं का यावर दोन वकील दोन तास भांडतील. त्या १५ दिवसांवर फार भरवसा ठेवू नका.

नांदेडचा_वकील_नसलेला:
भांडू द्या, मला आवडतं. अन् २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागानंच परिपत्रक काढलं होतं की खाजगी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे अन् सवडीनं चालान टाकायचं, हे बंद करा. का काढावं लागलं असेल?

सिडको_एन_सिक्स:
मधेच घुसतो. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक केलं नाही ना? सध्या व्हॉट्सॲपवर चालानच्या नावानं एपीके फाईल येते, उघडली की बँक साफ. साइटचा पत्ता शेवटी डॉट गव्ह डॉट इन असेल तरच, तो पण स्वतः टाईप करून.

जांब_नाका:
नाही, साइटवर स्वतः जाऊनच बघितलं. चालान खरं आहे, गाडी खोटी आहे.

पिंपळगल्ली:
सगळे ५०० वर अडकलेत. मला एक सांगा, आकडा चुकीचा वाचलाय हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत कसं धरलं? दुसरी पण शक्यता आहे. तेच मॉडेल, तोच रंग, साधी प्लेट. कोणीतरी तुमचा नंबर बघून स्वतःच्या गाडीवर रंगवला असेल तर? आमच्या गल्लीत एकाच्या दारात सकाळी सहाला दोन पोलीस उभे राहिले, तुमच्या गाडीवरून बाईच्या गळ्यातलं ओढलं म्हणून. हा माणूस शिक्षक, ती चोरी झाली तेव्हा शाळेत झेंडावंदनाला होता म्हणून निभावलं. नंतर निघालं की नंबर चोरलेला. तर आज ५०० भरून तुम्ही लिहून देणार की हो, ती रंगवलेल्या प्लेटवाली गाडी माझीच, त्या शहरात मीच होतो. मग उद्या काय सांगाल?

म्हणून आधी ३ का ८ त्याचा छडा लावा. एमपरिवहन ॲपमध्ये शेवटी ८ टाकून बघा कोणती गाडी येते. तीच कंपनी तेच मॉडेल आलं तर वाचण्यातली चूक, तक्रार करा अन् झोपा. ट्रॅक्टर नाहीतर ऑटो आला तर मग चालान बाजूला ठेवा अन् पोलीस स्टेशनला नंबरचा गैरवापर होतोय म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गोलाई_लातूर:
हे पहिलं कामाचं बोललं कोणीतरी. गळ्यातल्याचं ऐकून मी पण जरा गप्प झालो.

खाकी_घरातला:
हे करा. आणि अर्ज द्यायची वेळ आली तर गाडी घेऊन जा, नुसता कागद नको. एचएसआरपीवर लेसरचा नंबर असतो, तो तिथं बघू द्या.

जांब_नाका:
बघितलं. ८ टाकला, तेच मॉडेल, काळीच असावी. अन् मजा म्हणजे एमएच २२ च, म्हणजे गाडी आपल्या परभणीचीच! बिचारा कामाला तिकडं गेला असेल अन् गाडी सोबत नेली. जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् नो पार्किंगला पण परभणी. मालकाचं नाव ॲपवर अर्धं चांदण्यांनी झाकलेलं.

भाऊ म्हणतो शोधू त्याला, परभणीत काय अवघड आहे, त्याच्याकडून ५०० घेऊ.

कागद_जपून_ठेवा:
अजिबात नको. त्यानं तुमचं काही केलं नाही, त्याला तर माहीत पण नसेल. तक्रारीत ८ वाला नंबर मात्र लिहा, "असा असण्याची शक्यता" एवढंच, खात्रीनं लिहू नका.

बीडची_वहिनी:
त्याला बिचाऱ्याला आता खरं चालान जाणार का मग 🙈

नांदेडचा_वकील_नसलेला:
प्लेट धुवायची होती.

गोलाई_लातूर:
बरं, एवढं करून तक्रार फेटाळली तर? तेव्हा तरी भरणार का?

जांब_नाका:
तेव्हा बघू. कोर्टाची नोटीस आली तर जाऊन फोटो दाखवीन, चकरा झाल्या तर झाल्या, तुमच्या दुकानावर येऊन चहा पिऊन जाईन.

तक्रार टाकली आत्ता. दोन फोटो जोडले, एक प्लेटचा, एक डाव्या बाजूनं साडी गार्ड दिसेल असा. तो काढताना बायको दारात उभी होती. मागच्या दिवाळीला मी ते गार्ड काढून टाकायला निघालो होतो, गाडी म्हाताऱ्यासारखी दिसते म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती, अन् ते बोलण्यापेक्षा जास्त झालं.