मदत हवी आहे : अम्माला पुरस्कार सोहळा ‘चालू असतानाच’ बघायचाय (कुंभारी, सोलापूर)

कुंभारीकर

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा दोन ओळींचा आहे, पण आधीची फजिती सांगितली नाही तर तुम्ही परत तेच उपाय सुचवाल, म्हणून जरा लांबण लावतोय.

घरी अम्मा आहे, वय ६८. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांना दहा हजार घरकुलं मिळाली, त्यातलं एक तिचं. आता बोटं आखडतात, म्हणून सूप माळ्यावर गेलं आणि हातात रिमोट आला.

१३ मार्च २०२३ ला सकाळी ‘नाटु नाटु’ला ऑस्कर मिळालं तेव्हा तेलुगू गाण्याला एवढा मान म्हणून आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस मंचावर जातात ती क्लिप अम्मानं माझ्या फोनवर किती वेळा बघितली याला गणती नाही. पण तिची एक तक्रार तेव्हापासून आहे. तेलुगूत म्हणते, त्याचं मराठी साधारण असं : ‘जिंकल्यावरचं सगळ्यांनी दाखवलं. नाव घ्यायच्या आधी ती माणसं कशी बसली होती, ते कुणी दाखवलं का?’

तर २०२५ च्या ५ जानेवारीला अमेरिकेतले गोल्डन ग्लोब पुरस्कार होते. पायल कपाडियाला दिग्दर्शनासाठी नामांकन आणि तिच्या चित्रपटात छाया कदम. छाया कदमला अम्मा ‘फँड्री’पासून ओळखते, म्हणजे घरचीच धरा. बातमीत वाचलं, ‘रविवारी रात्री ८ वाजता’. मी रविवारी रात्री आठला जेवणं उरकून, शेजारच्या दोन मावश्यांना बोलावून, शेंगा भाजून तयार. यूट्यूबवर लाल अक्षरात ‘लाइव्ह’ लिहिलेलं एक सापडलं. वीस मिनिटं एकच फोटो, मागं संगीत, आणि खाली ‘पूर्ण सोहळ्यासाठी इथे दाबा’. दाबलं तर कार्डाचा नंबर मागितला. बारा आकडे टाकून झाले होते, तेव्हा पोरानं हात धरला. मावश्या शेंगा संपवून गेल्या. सोमवारी दुपारी फोनवर कळलं की सोहळा झालाही आणि पुरस्कार दुसऱ्यांना गेलेही. अम्मा काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता अमेरिकेतल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचे (नटांच्या संघटनेचे) पुरस्कार २३ फेब्रुवारीला आहेत, नेटफ्लिक्सवर थेट दाखवणार म्हणे. माझ्याकडे १४९ चा मोबाईल प्लॅन आहे. घरी स्मार्ट टीव्ही, केबलवाल्याचं नेट. सोलापुरात ते नेमकं किती वाजता, कोणत्या दिवशी दिसेल? टीव्हीवर कसं आणू? आणि घरात दहावीचं पोरगं आहे, त्यामुळे आवाज कमी ठेवून काय जमेल तेही सांगा.

सात_रस्ता

आधी घड्याळ. तिथल्या बातमीतली वेळ न्यूयॉर्कची असते आणि आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे. रविवार रात्री ८ म्हणजे आपली सोमवार पहाट, साडेसहा. हा सोहळा लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये आहे, तिथं तेव्हा संध्याकाळचे पाच. म्हणजे तुमच्यासाठी सोमवार, २४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०. कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात लिहून ठेवा, रविवारच्या नको. ९ मार्चला ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, मग फरक साडेनऊ तासांचा होतो. तो घोळ तुम्हाला आत्ता लागू नाही, पण पुढच्या वर्षी नक्की फसाल म्हणून सांगून ठेवतो.

आणि हो, ते कार्ड लगेच बंद करून नवीन घ्या. बारा आकडे म्हणजे काही नाही असं समजू नका.

शेंगाचटणी

का बे, त्या परक्या सोहळ्यासाठी पहाटे उठून काय करलालास? आपले राष्ट्रीय पुरस्कार बघ की अम्माला घेऊन. दूरदर्शनवर, यूट्यूबवर फुकट, कार्ड नाही का फिर्ड नाही. गेल्या ८ ऑक्टोबरला विज्ञान भवनातलं मी पूर्ण बघितलं. मिथुनदांना फाळके पुरस्कार घेताना बघून आमचे वडील खुर्चीत ताठ बसले. जिल्ह्याचा अभिमान पाहिजे तर जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू, सगळे त्याच मंचावर जाऊन आलेत. अतुल कुलकर्णी तर दोनदा.

कुंभारीकर

शेंगाचटणी, तोही बघितला आम्ही, टाळ्याही वाजवल्या. पण अम्माच्या हिशेबात तो बसत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांची नावं १६ ऑगस्टलाच जाहीर झाली होती आणि समारंभ ऑक्टोबरात. येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की आपल्याला मिळणार आहे. तिथं मान आहे, घालमेल नाही. तिला घालमेल बघायचीय.

शेंगाचटणी

अम्मा भारी आहे तुझी. मागं घेतलं शब्द.

प्रेक्षक_क्र_१

आपल्याकडचे टीव्हीवरचे बाकीचे झगमगाटी सोहळे सुचवायला कुणी येण्याआधीच सांगतो. ते बहुतेक आधी उरकतात, कापून-जोडून मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दाखवतात. कोण जिंकलं ते तोवर फेसबुकवर आलेलं असतं. शिवाय संकलनात कुठल्या टाळ्या कुठं चिकटवल्या हे देव जाणे. एका कलाकाराच्या विनोदावर हसणारा माणूस त्या वेळी सभागृहातच नव्हता, असंही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या दृश्यात त्याची खुर्ची रिकामी होती. तुमच्या अम्मांना चालू असतानाच बघायचं असेल तर हे अमेरिकेचेच धरावे लागतील, आणि त्याची किंमत म्हणजे पहाटेची झोप.

यंत्रमाग

प्लॅनचं सांगतो, मी याच चक्रातून गेलोय.

१४९ चा मोबाईल प्लॅन फक्त फोन-टॅबवर चालतो. टीव्हीवर चढत नाही, फोनवरून टीव्हीकडे पाठवायचं म्हटलं तरी नाही. त्यात तुमचा सगळा रविवार जाईल, करू नका. खात्यात जाऊन १९९ चा बेसिक घ्या. टीव्हीवर चालतो, एका वेळी एकाच पडद्यावर, चित्र ७२० चं. ५० रुपयांत काम होतंय. महिना झाला की परत खाली या.

मग फोनच्या भानगडीत न पडता टीव्हीतलंच नेटफ्लिक्स रिमोटनं उघडा. आदल्या रात्री उघडून लॉगिन आहे ना, ॲप अपडेट आहे ना ते बघा. टीव्ही जुना असेल तर काहींवर बाकी सगळं दिसतं पण थेट कार्यक्रमच येत नाही, ते पहाटे सहाला कळलेलं बरं नाही. उशिरा पोचलात तरी सुरुवातीपासून बघायची सोय असते.

नेटचं : ७२० साठी नेटफ्लिक्स ३ एमबीपीएस सांगतं. फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवा पण दीड जीबीच्या पॅकवर विसंबू नका, त्या वेगानं तो तासाभरात आटोपतो. पहाटेचं एक बरं असतं, रात्री बाराला नवा कोटा आलेला असतो आणि गल्लीतलं कुणी नेट वापरत नसतं. राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम. वीज गेली तर टीव्ही बंद पडेल, फोनवर तरी चालू राहील.

प्रेक्षक_क्र_१

थेट दाखवण्यात नेटफ्लिक्सची अजून सवय व्हायचीय. नोव्हेंबरात टायसन आणि जेक पॉलची कुस्ती (म्हणजे बॉक्सिंग, आमच्याकडे सगळ्याला कुस्तीच म्हणतात) त्यांनी दाखवली. सहा कोटी घरांत लागली होती आणि ठिकठिकाणी चकती फिरत बसली. पुरस्कारांना तेवढी गर्दी नसते. गेल्या वर्षी याच गिल्डचा सोहळा मी तिथंच बघितला, सुरळीत होता.

सात_रस्ता

कुंभारीकर, एक गोष्ट अम्मांना जरूर सांगा. हे पुरस्कार कुठली कंपनी किंवा मासिक देत नाही. ही नटांची युनियन आहे. १९३३ साली स्थापन झालेली, २०१२ ला दूरचित्रवाणी-रेडिओवाल्यांच्या संघटनेशी एकत्र होऊन एकच झाली. मतं देणारे सगळे सभासद, म्हणजे नटांनीच नटांना दिलेला पुरस्कार. चित्रपटाला वेगळे, मालिकांना वेगळे, आणि एकट्या-दुकट्याला नाही तर अख्ख्या नटसंचालाही एक. २०२३ ला यांनीच ११८ दिवस संप केला होता. मोठमोठे तारे फलक घेऊन रस्त्यावर उभे होते.

कुंभारीकर

सात_रस्ता, हे वाचून दाखवलं. अम्मानं पहिला प्रश्न विचारला, ‘संपात पगार कोण देत होतं?’ दुसरा प्रश्न, ‘मिळालं का मग काही?’ मी म्हटलं, करार झाला, पैसे वाढले. म्हणाली, ‘मग बघू या. सहाला उठव.’

विड्यांच्या मजुरीसाठी ती किती मोर्च्यांत चालली हे मला पाठ आहे. लहानपणी मीही गेलोय, तिच्या कडेवर.

प्लॅन १९९ चा केला. टीव्हीवर ॲप उघडलं. कार्ड बंद केलं.

आदल्या_रात्रीची_आठवण

व्हॉट्सॲप बंद ठेवा हो. थेट प्रक्षेपण काही सेकंद, कधी मिनिटभर मागं असतं आणि अमेरिकेतला भाचा आधीच नाव टाकून मोकळा होतो. आमच्या घरी यावरून अबोला झालाय.

कुंभारीकर

मंडळी, झालं. २४ तारखेची हकीकत देतो, तेवढा हक्क आहे तुमचा.

साडेसहाला टीव्ही लागला, चकती एकदाच फिरली. अम्मा पाच वाजल्यापासून केस विंचरून बसलेली. पोरगं आतल्या खोलीत, म्हणून आवाज जवळजवळ बंद. त्याचा उलट फायदा झाला. इंग्रजी कळायचा प्रश्नच मिटला, नुसते चेहरे.

नामांकनं आली की पडद्यावर पाच जण एकदम दिसतात. अम्मानं तिथंच खेळ सुरू केला. ‘ही नाही जिंकायची, फार हसतेय.’ ‘ह्याला माहितीये आपल्याला नाही, बघ, पाणी प्यायला.’ तीन वेळा चुकली, दोनदा बरोबर. नटी डेमी मूरचं नाव आलं तेव्हा मात्र तिनं आधीच बोट ठेवलं होतं. मी विचारलं कसं ओळखलंस, तर म्हणाली, ‘तिनं हात एकमेकांत धरलेत. आम्ही पण मजुरी मोजताना असेच धरायचो.’

सात वाजून गेले आणि नळ आला. पाण्याची पाळी त्या दिवशी नव्हती, तरी आला. आमच्याकडे पाण्याचं असंच आहे, नाही तेव्हा येतं. मी म्हटलं, थांबवतो, पाणी भरून परत तिथूनच बघू, तशी सोय आहे. अम्मा म्हणाली, ‘थांबवलं तर ते चालू कसलं?’ मग ती बसली आणि मी, बायको, दहावीचं पोरगं, तिघांनी दोन बॅरल आणि सगळ्या घागरी भरल्या. मधली दोन-तीन भाषणं त्यात गेली.

परत आलो तर ज्येष्ठ नटी जेन फोंडा बोलत होती. जन्मभराच्या कामाचा सन्मान तिला. मी आवाज जरा वाढवला. अम्मानं विचारलं काय म्हणते. म्हटलं, युनियनवर माझा मोठा विश्वास आहे, युनियन आपल्या पाठीशी उभी राहते, असं म्हणते. अम्मा जरा वेळ गप्प. मग, ‘किती वर्षांची आहे ही?’ ८७ म्हटलं. ‘माझ्याहून एकोणीसनं मोठी. आणि टाचा बघ केवढ्या.’

जिंकणारी माणसं आता तिला नावानं नाही, चेहऱ्यानं पाठ आहेत. शेवटी ‘कॉन्क्लेव्ह’ चित्रपटाचा सगळा नटसंच मंचावर आला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, कारण ‘सगळ्यांना मिळालं’.

दुपारी शेजारच्या मावश्या विचारायला आल्या. जानेवारीतल्या शेंगांचा हिशेब बाकी होताच.

यंत्रमाग

वा. प्लॅन खाली आणायला विसरू नका, पुढच्या बिलाच्या आधी.

कुंभारीकर

खाली कुठं आणता. ३ मार्चला ऑस्कर आहेत ना? ते कुठं दिसतात आणि किती वाजता? ती मघाशी हरलेली पोरगी आहे ना, मायकी मॅडिसन, अम्माचं म्हणणं, ‘तिचा चेहरा परत बघायचाय.’

सात_रस्ता

ते नेटफ्लिक्सवर नाहीत. जिओहॉटस्टारवर आणि स्टार मूव्हीजवर, सोमवारी पहाटे ५.३०. अजून एक तास आधी उठायचं. नळाचं विचारून ठेवा.

कुंभारीकर

नळाचं विचारून उपयोग नाही. बॅरल रविवारीच भरून ठेवतो.