निवेदिकेचा श्वास कुणी गाळला?

पानगळ

गेले दोन महिने वाचन कमी, ऐकणं जास्त. चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, झोप लागेपर्यंत. पुस्तकांच्या व्यापाराचा एक इतिहास आणि एक जाडजूड कादंबरी, दोन्ही कानांनीच संपवली.

कादंबरी दीडपट वेगाने लावली होती, वर अ‍ॅपमधली ‘शांत जागा गाळा’ ही सोयही चालू. एका प्रसंगात मुलगी बापाला विचारते, “तुम्हाला ठाऊक होतं?” बाप ताडकन म्हणतो, “हो.” काय निर्ढावलेला माणूस! पुढची अर्धी कादंबरी मी त्याच्यावर दात धरून होते. परवा तोच भाग सहज मूळ वेगाने ऐकला. “तुम्हाला ठाऊक होतं?” आणि निवेदिका चार सेकंद गप्प. एक श्वास ऐकू येतो, अर्धवट आत घेतलेला. मग, “हो.” तो बाप सगळा त्या चार सेकंदांत होता आणि मला तो भेटलाच नव्हता. महिनाअखेरीस त्याच अ‍ॅपचा निरोप आला: तुम्ही ९ तास वाचवलेत, अभिनंदन!

इतिहासात चार्ल्स म्यूडी भेटला. लंडनमध्ये १८४२ साली त्याने फिरतं वाचनालय काढलं. वर्षाची वर्गणी एक गिनी, एका वेळी एकच खंड घरी न्यायचा. म्हणजे कादंबरी तीन खंडांची असली की एकाच प्रतीवर तीन वर्गणीदार खूश. मग लेखकांनीही दोन खंडांच्या ऐवजाला पाणी घालून तीन खंड भरायचे. पुढे स्वस्त आवृत्त्या लवकर येऊ लागल्या, आणि १८९४ साली म्यूडीचं आणि डब्ल्यू. एच. स्मिथचं, या दोन बड्या वाचनालयांनीच प्रकाशकांना कळवलं की खंडाला चार शिलिंगांवर देणार नाही. तीन-चार वर्षांत तीनखंडी कादंबरी मोडीत निघाली. तिच्यावर टीका वर्षानुवर्षं होत होती, त्याने काही झालं नव्हतं.

आज स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून धरतात. माझं म्हणणं एवढंच, की कलेचा आकार गल्ल्यावर ठरतो. आणि आता तो गल्ला थेट आपल्या कानात येऊन बसलाय.

उंटावरचा शहाणा

असहमत. हे रडगाणं फार जुनं आहे. लिहिण्याने माणसाची स्मरणशक्ती जाईल ही सॉक्रेटिसची तक्रार, आणि ती आपल्याला कळली कशी, तर प्लेटोने लिहून ठेवली म्हणून.

त्याहून मजेदार उदाहरण जॉन फिलिप सूझाचं. अमेरिकेतला बँडवाला, ‘मार्च’ म्हणजे संचलनाच्या धुनांचा राजा. १९०६ साली त्याने ‘यांत्रिक संगीता’विरुद्ध लेख लिहिला, अमेरिकी काँग्रेसपुढे जाऊन साक्षही दिली. या यंत्रांमुळे लोक घरी गाणंबजावणं सोडतील, गळे निकामी होतील, वगैरे. त्याच्याच बँडच्या ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात होत्या. खरं दुखणं निराळं होतं. त्याच्या रचना वाजवून कंपन्या कमावत होत्या आणि रचनाकाराला त्या यंत्रांपायी दमडी मिळत नव्हती. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मिळायला लागले.

तेव्हा ‘संस्कृती बुडाली’ असा गळा कुणी काढला की मी आधी त्याचा खिसा चाचपतो. आणि तुमच्या बाबतीत, ताई, वेग तुम्हीच वाढवला होतात ना? गल्ल्याने तुमचा अंगठा धरला नव्हता.

पानगळ

अंगठा माझाच, कबूल. पण ‘शांत जागा गाळा’ मी चालू केलं नव्हतं. ते आधीपासूनच चालू होतं, मी फक्त बंद केलं नाही. आणि सूझाचा खिसा रिकामा होता एवढ्यावरून त्याची तक्रार खोटी कशी ठरते? घरातलं गाणं कमी झालं की नाही, ते सांगा.

कानसेन

धागा आवडला, निष्कर्ष नाही. पानगळताई, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. गौहर जान १९०२ साली ग्रामोफोनसाठी गायली तेव्हा तासभर फुलवायचा राग तेवढ्यात बसवायचा आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं. “माय नेम इज गौहर जान!” त्या तबकड्या आजही ऐका. एक स्वर वाया नाही. पहिल्या आवर्तनात रागाचा चेहरा समोर उभा.

त्या तीन मिनिटांनी गाणं मारलं म्हणायचं की घडवलं? बंधन तर वृत्तातही असतं. ओवी लिहिणाऱ्याला आपण ‘आकार कुणी ठरवला’ असं विचारत नाही.

पानगळ

वृत्त कवी स्वतः निवडतो.

कानसेन

तबकडीची तीन मिनिटं गौहर जानने निवडली नव्हती. तरी निभावली.

पानगळ

बरोबर पकडलंत. रात्रभर या एका वाक्यावर घुटमळले. आकार बाहेरून येतो ही माझी तक्रार तोकडी आहे, तो नेहमीच बाहेरून आलाय. मग मला नेमकं काय टोचतंय?

तबकडी सगळ्यांना सारखी तीन मिनिटं देत होती आणि एकदा विकली गेली की गप्प बसत होती. ऐकणारा कुठे उठून गेला, कुठे पेंगला, कुठे सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, हे तिला कळत नव्हतं. म्यूडीलाही खंड परत आल्याचं कळायचं, तो एकोणिसाव्या पानावर मिटला होता हे कळायचं नाही. आता ते कळतं, आणि पुढचं गाणं त्या कळण्यावर बेतलं जातं. चार भिंतींतलं कंटाळणं ही माझी खाजगी गोष्ट होती. तिचा हिशेब कुणीतरी ठेवतंय.

बासरीवाला

मी वाजवणारा माणूस, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

मागच्या वर्षी एका ध्वनिमुद्रणात माझा सुरुवातीचा आलाप पंचेचाळीस सेकंदांचा होता. निर्मात्याने काचेपलीकडून हाताने कात्री करून दाखवली. बारा सेकंदांवर तोडजोड झाली. ते बारा सेकंद वाईट नाहीत, पण मला माहीत आहे की गंधारावर यायच्या आधी मी निषादाभोवती जो रेंगाळलो होतो, तो त्यात नाही. ऐकणाऱ्याला कधी कळणार नाही. ताईंच्या त्या बापासारखंच.

तरी मी उंटावरच्यांच्या बाजूचा. तबकड्यांच्या, कॅसेटच्या काळात माझ्यासारख्याला मुद्रणाच्या खोलीत कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं. आज मी रात्री वाजवतो, सकाळी जगभर चढवतो. हिशेबाचं मात्र ऐकून ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या मुद्रणाला बारा महिन्यांत हजार श्रवणं नाहीत त्याला मुद्रणापोटी मिळणारा वाटा शून्य. माझ्या सात रचना त्या रेषेखाली आहेत. दार उघडं आहे, आत पंगत बसली आहे, पान आमच्यापुढे नाही.

उंटावरचा शहाणा

हजार श्रवणांचे पैसे होतात तरी किती? ते देण्याघेण्यातच जास्त खर्च होईल. नियमाला काहीतरी तर्क आहे.

बासरीवाला

तर्क आहेच की. म्यूडीलाही होता.

दुर्बीण

मला या सगळ्याच चर्चेत एक डोळस लाड दिसतोय. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

माझ्या वडिलांची दृष्टी पंचवीस वर्षांपूर्वी गेली. ते पुस्तकं अडीचपट वेगाने ऐकतात. मला त्यातला शब्द कळत नाही, त्यांना विराम कळतात. सरावलेल्या कानाला शांतता छोटी झाली तरी शांतताच वाटते. (मूळ वेगाने लावलं तर म्हणतात, “याला झोप आलीय का?”) आणि तुम्ही डोळ्यांनी वाचताना निसर्गवर्णनाचे परिच्छेद गाळत नाही? तिरक्या नजरेने संवादावर उडी मारत नाही? तेव्हा लेखकाचा श्वास कोण गाळतं?

दुसरं म्हणजे इतिहास. सावकाश फिरणाऱ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या बाजारात कोलंबियाने आणल्या १९४८ साली. पण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अंधांसाठीची बोलकी पुस्तकं त्याच्या तेरा-चौदा वर्षं आधीपासून तशा तबकड्यांवर निघत होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक हे इंग्लंडमधलं एक मोठं कारण. तीन मिनिटांत कादंबरीचं जेमतेम पान-दीड पान होतं, म्हणून गरजेपोटी केलेली सोय. त्यात गल्ला कुठे होता? प्रत्येक तंत्रामागे दुकानदार उभा असतो असं नाही.

कानसेन

+१. हे माहीत नव्हतं.

हिशेबनीस

थोडं अवांतर. वेग आणि विराम सोडा, पुस्तक तरी तुमचं आहे का? २००९ साली अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याची टिपणं त्यात निरुपयोगी झाली. पुसलेली पुस्तकं कुणाची? जॉर्ज ऑरवेलची. त्यात ‘१९८४’ होतं. असं कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘फारच ठळक’ म्हणून काढायला लावलं असतं.

म्यूडीच्या वर्गणीदाराला निदान माहीत होतं की खंड परत करायचाय.

उंटावरचा शहाणा

हा मुद्दा मान्य. (तारीख लिहून ठेवा.)

पानगळ

दुर्बीण, राग कसला. तुमचं ‘डोळस लाड’ लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी खरंच निसर्गवर्णनं गाळते. फरक असलाच तर इतका, की गाळलं हे तेव्हा मला ठाऊक असतं. त्या बापाच्या बाबतीत नव्हतं. वडिलांना विचाराल का, एवढ्या वेगातही एखादा विराम त्यांच्या हातून कधी निसटला का?

दुर्बीण

विचारलं. म्हणाले, “निसटला असेल तर मला कसं कळणार?” आणि हसत बसले.

कानसेन

मग आता वेग किती ठेवलाय, पानगळताई?

पानगळ

शांत जागा गाळणं बंद. वेग काल मूळ एकवर आणला. दहा मिनिटं ऐकलं. फारच रेंगाळते हो ती बाई. सध्या सव्वापटीवर आहे.