वडील गेल्यावर आईचं मन जपात लागत नाही, सुरुवात किती लहान असावी?

कणकुंबीरस्ता: वडील जाऊन दोन महिने झाले. गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, घर वारकरी. आई दिवसभर कामात असते, पण दिवेलागण झाली की खांबाला टेकून गप्प. तिला माळ ओढायचीय, पण बसली की पाच मिनिटांत उठते आणि "मन लागत नाही, देवाचा अपराध होतोय" म्हणते. शेजारच्या काकू सांगतात रोज अकरा माळा, अख्खा हरिपाठ आणि कडक एकादशी. आईला साखरेच्या गोळ्या आहेत. एक पाहुणे म्हणतात, वर्षश्राद्धापर्यंत देवाला हातच लावू नये. कुठून धरावं?

तुळशीकट्टा: अकरा माळांचा हिशेब आधी करून बघा की ओ. "राम कृष्ण हरि" सावकाश म्हटलं तर १०८ मण्यांना साडेचार-पाच मिनिटं जातात. अकरा म्हणजे जवळजवळ तास. आत्ता त्यांना तेवढं बसवत नाही. चार दिवस ओढतील, पाचव्या दिवशी राहील आणि दुःखावर अपराधाचं ओझं चढेल. हे असंच मोडतं.

पहिले आठ-दहा दिवस २७ मणी, म्हणजे पाव माळ. मेरुमण्यापासून (माळेच्या जोडावरचा मोठा मणी) मोजून सत्ताविसाव्या मण्यापाशी तांबडा दोरा बांधा, म्हणजे त्यांना मोजत बसायला नको, बोटाला गाठ लागली की थांबायचं. मग अर्धी, मग पूर्ण. मणी अंगठा आणि मधल्या बोटावर ओढायचा. पूर्ण माळ झाली की मेरू ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं. गळ्यातली माळ जपाला काढू नका, जपाची वेगळी घ्या.

आणि डोळे मिटून बसवू नका. डोळे मिटले की गेलेलं माणूसच समोर उभं राहतं, म्हणूनच त्या उठतात. डोळे उघडे, नजर विठोबाच्या पायांवर, नाव मोठ्यानं. मध्ये रडू आलं तर माळ हातात तशीच धरून रडू द्यावं, "आता पुरे" म्हणू नये. हरिपाठाचे अभंग २७ (काही प्रतींत २८). रोज एकच म्हटला तरी महिन्याच्या आत एक फेरी होते.

निपाणीकर_वैनी: वेळ बदलू नका, दिवेलागणच धरा. वडील शेतातून, कामावरून घरी यायची हीच वेळ असते, म्हणून ती अंगावर येते. त्या वेळेला हाताला काम पाहिजे.

निरांजनात एक फुलवात आणि वात बुडेल एवढं तूप, बास. ते जळतंय तोवर बसायचं, विझलं की उठायचं. घड्याळ बघायला लागत नाही. पण तुमच्याकडं पावसाळ्यात वाती दमट होतात, मग तडतडतात आणि विझतात. आपणच लावलेला दिवा विझला की अशा घरात बाई शकुन-अपशकुन काढत बसते, ते टाळा. वाती पातळ केलेल्या तुपात आधीच भिजवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. थंडीत तूप थिजतं आणि थिजलेलं तूप वातीला चढत नाही, तेव्हा निरांजन आधी चुलीजवळ कोमट करायचं. तेवढ्या खटपटीतसुद्धा मन गुंततं.

सीमाभागातला: सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला घर मोकळं. पुढं वर्षभर सण आणि लग्नकार्य लांबवतात ती घरोघरची रीत, नामाला आडकाठी नाही. आणि ते पाहुणे "बाईनं आता पूजा करू नये" या अर्थानं बोलत असतील तर त्यांना हेरवाड सांगा. आपल्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव, मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव करून विधवा प्रथा बंद केली.

कडक एकादशी मात्र नको. काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम उतरते, घाम, हातपाय थरथर. उलट दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर ती चढते. गोळी आपल्या मनानं चुकवू नका, डॉक्टरांना विचारा. जेवण रोजचंच ठेवावं आणि संध्याकाळी देवळात भजनाला जावं. मागं बसावं, टाळ हातात घ्यायची सक्ती नको, अर्ध्यातून उठलं तरी चालतं.

पंढरीला न्यायचं असेल तर आषाढी-कार्तिकी सोडून साधा वार धरा. खानापुरातून मिरज, तिथून पंढरपूरची गाडी. रांग झेपत नसेल तर मुखदर्शन.

एक लक्षात असू द्या: जेवण सुटलं, झोप उडाली, "मलाही न्या" असं सारखं बोलायला लागल्या तर माळेवर भागवू नका. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. नाहीतर धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय.

कणकुंबीरस्ता: आज २७ मणी झाले. तांबडा दोरा मात्र सरकतोय.

तुळशीकट्टा: लोकरीचा बांधला असेल. सुती घ्या, मण्यावर नको, दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्याला दुहेरी गाठ मारा आणि टोकं अगदी बारीक कापा, नाहीतर दर फेरीला बोटात अडकतील.